सोवळ्यातले रेडिओ

जुन्या रेडिओंच्या शौकिनांमध्ये अलीकडे एक नवं सोवळं आलं आहे. मर्फीचा, बुशचा किंवा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर जुन्या बाजारात घासाघीस करून घ्यायचा, कॅबिनेट चकचकीत पुसायचं, दिवाणखान्यात काचेमागे ठेवायचा आणि कोणी त्याच्या पाठीचा स्क्रू नुसता ढिला केला तरी अब्रह्मण्यम् म्हणत कानांवर हात ठेवायचे. त्यातून कोणी त्या सेटमध्ये बीएफओ, म्हणजे बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, बसवायची गोष्ट काढली तर विचारूच नका. वारसा, परंपरा, अस्सलपणा असे सगळे जड शब्द एका दमात बाहेर पडतात. ज्या यंत्राचा जन्मच ऐकवण्यासाठी झाला, त्याने आता काही ऐकवू नये, असा हा हट्ट आहे. आणि तो धरणारे स्वतःला रेडिओप्रेमी म्हणवतात!

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. नंतर विपर्यास केला अशी तक्रार नको. त्यांचं म्हणणं असं: जुना पोर्टेबल ही ऐतिहासिक वस्तू आहे, कारखान्याने दिलं तेवढंच तिच्यात असावं. बीएफओ हा उपरा भाग आहे. तो घातला की सेट मूळचा राहत नाही आणि बाजारातली किंमतही उतरते. बरं, घालून तरी काय मिळणार? मॉर्स मेला, शॉर्टवेव्ह ओस पडला, ऐकण्यासारखं उरलंच नाही. काही उरलं असेल तर साध्या पोर्टेबलला ते झेपणार नाही. त्याची ट्यूनिंग सरकते, चाळणी ढोबळ असते. आणि एवढं करूनही ज्याला ऐकायचंच आहे त्याच्यासाठी मोबाइल आहे, इंटरनेटवरचे रिसिव्हर आहेत, मुठीत मावणारे चिनी सेट आहेत. तेव्हा म्हाताऱ्याला निवांत बसू द्या.

ऐकायला किती समंजस! फक्त यातला एकही मुद्दा तपासणीला टिकत नाही.

मुळात बीएफओ करतो काय, हे त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं, याची मला शंका आहे. आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं केंद्र एएम पद्धतीने प्रक्षेपण करतं. त्यात एक अखंड कॅरियर लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाज वाहून नेणारे दोन साइडबँड. कॅरियरमध्ये स्वतःचा असा काही मजकूर नसतो, तरी पाठवलेल्या शक्तीचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा तीच खाते. दोन्ही साइडबँडमध्ये मजकूर तोच. म्हणून हॅम मंडळींनी, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांनी, जहाजांनी, लांब पल्ल्याच्या विमानांनी कॅरियर आणि एक साइडबँड काढून टाकला आणि उरलेल्या एकावर काम भागवलं. हेच एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड. साध्या रेडिओवर ते लावलं तर नाकातली, चिरकलेली बडबड ऐकू येते. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मॉर्सची गत त्याहून वाईट. तिथे कॅरियर नुसती चालू-बंद होते, त्यामुळे साध्या सेटवर खरखर थांबते आणि परत सुरू होते, बस्स.

आता, आपल्या बहुतेक जुन्या पोर्टेबलमध्ये आलेला प्रत्येक सिग्नल ४५५ किलोहर्ट्झच्या इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीवर आणून मग मोठा केला जातो. बीएफओ सेटच्या आतच ४५५च्या आसपास स्वतःची एक लहर तयार करतो. ४५५ आणि ४५६ डिटेक्टरपाशी भेटले की त्यांच्यातला फरक, १ किलोहर्ट्झ, शिट्टी होऊन स्पीकरमधून बाहेर येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाजात जी लाट उठते, ती मिरजेतल्या कोणत्याही तंबोरा लावणाऱ्याला माहीत आहे. इथे तोच खेळ आपल्या कानांच्या पट्टीच्या वर चालतो. मॉर्सला त्यामुळे सूर मिळतो, आणि एसएसबीला पाठवणाऱ्याने काढून टाकलेली कॅरियर घरच्या घरी परत मिळते. बडबडीतून माणूस बाहेर येतो. एवढंच हे प्रकरण आहे.

आता मुद्दे घेऊ. पहिला, बीएफओ उपरा आहे. कशात उपरा? ज्या सुपरहेट सर्किटवर हे सगळे सेट चालतात, ते एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत बसवलं. त्याचा गाभाच मुळी दोन लहरी एकमेकींवर आपटून तिसरी मिळवण्याचा आहे. प्रत्येक पोर्टेबलमध्ये लोकल ऑसिलेटर नावाचा एक ऑसिलेटर जन्मापासून हेच करत असतो. आणि आर्मस्ट्राँगच्याही आधी, १९०१ साली, रेजिनाल्ड फेसेंडनने हेटरोडाइनची कल्पना मांडली, ती नेमकी मॉर्सचा सिग्नल कानाला ऐकू यावा म्हणून. म्हणजे वंशावळच काढायची तर बीएफओ हा या घराण्याचा मूळ पुरुष ठरतो. उपरा कोण?

कारखान्यांनाही त्याचं वावडं नव्हतं. झेनिथच्या ट्रान्स-ओशनिक मालिकेतल्या रॉयल ७०००मध्ये बीएफओ होता. पॅनासोनिकच्या आरएफ-२२००वर त्याचा वेगळा स्विच होता. ग्रुंडिगने तर आपल्या सॅटेलिट मालिकेतल्या काही सेटांसाठी एसएसबीचं जोडयंत्र स्वतंत्र विकलं. कंपनीने स्वतः विकलेली जोडणी ती परंपरा, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून कोणी तीच घरी केली तर भ्रष्टाचार? आपल्याकडच्या सेटांमध्ये बीएफओ नव्हता याचं कारण साधं होतं. गिऱ्हाइकाला विविध भारती आणि रेडिओ सिलोन हवं होतं, आणि सेट स्वस्तात विकायचा होता. खर्च वाचवण्यासाठी जे गाळलं, त्याला आता शास्त्रार्थ चिकटवण्यात काय अर्थ आहे?

दुसरा मुद्दा मूळ अवस्थेचा. हा शब्द उच्चारणाऱ्याला मी नेहमी सेट उघडून दाखवायला सांगतो. साठच्या दशकातल्या कितीतरी सेटांत एएफ ११७ जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत. त्यांच्या धातूच्या डबीच्या आत कथलाच्या केसांसारख्या बारीक तारा आपोआप वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. कारागीर मग डबीला जोडलेला चौथा पाय कापतात, किंवा ट्रान्झिस्टरच बदलतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात, ते बदलावे लागतात. डायलची दोरी तुटते, ती बदलावी लागते. बोलता रेडिओ मूळ अवस्थेत असतोच कुठे? मूळ अवस्थेत राहतो तो फक्त बंद पडलेला. कपॅसिटर बदलणं याला तुम्ही देखभाल म्हणता. मग एक ट्रान्झिस्टर आणि एक आयएफटी, म्हणजे इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीचा ट्रान्सफॉर्मर, वाढवणं याला मोडतोड कोणत्या तोंडाने म्हणता?

आणि खरी मोडतोड कुठे चालते ते मी सांगतो. जुन्या मर्फीचं पोट साफ करून, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकून, आत ब्लूटूथचं बोर्ड आणि एलईडीची माळ घातलेले सेट राजरोस विकले जातात. जाहिरातीत त्यांना पुनरुज्जीवित म्हणतात आणि दिवाणखान्यातले सोवळेकरी त्यांचं कौतुकही करतात. रेडिओ काढून टाकलेला रेडिओ चालतो. रेडिओ वाढवलेला रेडिओ चालत नाही! या न्यायाला काय म्हणावं?

किमतीचा प्रश्न तर हास्यास्पद आहे. बीएफओचे पुरवठ्याचे दोन टाके काढले, तिसरी एक वायर उचलली, की सेट होता तसा. पुढच्या मालकाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही. ज्यांना तेवढंही सहन होत नाही त्यांच्यासाठी बीएफओ वेगळ्या डबीत, स्वतःच्या बॅटरीवर बांधता येतो. डबी सेटच्या मागे टेकवून ठेवली की तिची लहर आत पुरेशी झिरपते. त्याहून सोपी युक्ती म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर रेडिओ शेजारी ठेवायचा. त्याचा लोकल ऑसिलेटर बहुधा डायलच्या आकड्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. म्हणजे तो ६६४५वर लावला की त्याच्या पोटातून ७१०० किलोहर्ट्झची लहर सुटते, आणि पहिल्या सेटवरच्या ७१००च्या एसएसबीला हवी असलेली कॅरियर फुकटात मिळते. ना स्क्रू, ना टाका. आता सांगा, वारशाचा कोणता टवका उडाला?

एवढं एकच मान्य करतो: दर्शनी भागाला ड्रिलने भोक पाडणारा माणूस शिक्षेला पात्र आहे, आणि जगात चार-दोनच उरलेला सेट संग्रहालयातच शोभतो. पण जुन्या बाजारात ताडपत्रीवर ढिगाने पडलेल्या पोर्टेबलना संग्रहालयाचे नियम लावायचं कारण नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो आणि सगळ्यांत पोकळ आहे: ऐकायला उरलंय काय? जुन्या सेटची डायल घ्या. तिच्यावर ४१ मीटरची खूण असेल. तो सेट बनला तेव्हा आपल्या भागात ७.१ ते ७.३ मेगाहर्ट्झ ही जागा प्रसारण केंद्रांची होती. २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत त्यातला ७.१ ते ७.२ हा पट्टा हॅम मंडळींना द्यायचं ठरलं आणि मार्च २००९च्या अखेरीस केंद्रांना तिथून वर सरकावं लागलं. ७.० ते ७.१ आधीपासून हॅमचाच होता. म्हणजे त्या खुणेच्या खालच्या अर्ध्या भागात आज एएम केंद्रांची जागा नाही. तिथे लोअर साइडबँडवर माणसं बोलत असतात. सकाळच्या वेळी मराठी, हिंदी, इंग्रजी, दक्षिणेतल्या भाषा, सगळं. काचेवरची अक्षरं तीच राहिली आणि त्यांच्यामागची हवा बदलली. अशा वेळी सेट होता तसा ठेवण्याचा अर्थ एकच: डायलच्या त्या भागापुरता तो बहिरा ठेवणं.

या जागेला आपल्या मुलखात इतिहासही आहे. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. हिशोब करा: सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या हॅम पट्ट्याच्या ऐन मध्याच्या जवळ. ते प्रक्षेपण साध्या सेटवर ऐकू येत होतं. आज त्याच ठिकाणी काटा नेला तर बीएफओशिवाय बडबडीखेरीज काही हाती लागत नाही. आणि तो ट्रान्समीटर कुठल्या कंपनीच्या शोरूममधून आला नव्हता. सुटे भाग जमवून बांधलेला होता. या देशात रेडिओ उघडणं, जोडणं, बदलणं हीच रेडिओची परंपरा आहे. काचेमागे ठेवणं ही कालची फॅशन.

मॉर्स मेला म्हणता? हॅम परवान्यासाठी मॉर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ साली उठली हे खरं. सक्ती उठल्यावरही लोक हौसेने ज्याचा वापर करतात त्याला मेलेलं म्हणत नाहीत. ७.० मेगाहर्ट्झच्या लगतचा भाग कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या शनिवारी रात्री ऐकून बघा. बोट ठेवायला जागा नसते. शिवाय मुंबई व्होल्मेट आहे. विमानांना विमानतळांचं हवामान सांगणारं हे प्रक्षेपण ६६७६ किलोहर्ट्झवर अप्पर साइडबँडमध्ये ठरलेल्या मिनिटांना येतं. दृश्यमानता, वारा, ढगांची उंची, सगळं कोरड्या आवाजात. पावसाळ्यात ते ऐकणं ही काय मजा आहे, हे बीएफओ नसलेल्याला सांगून कळायचं नाही. शॉर्टवेव्ह ओस पडला ही तक्रार बहुतेक वेळा ज्याच्या सेटला अर्धा शॉर्टवेव्ह कळतच नाही, त्याचीच असते.

चौथा मुद्दा तांत्रिक नाक मुरडण्याचा. ट्यूनिंग सरकते. सरकते ना, सेट चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या आणि मग अधूनमधून बोटाने सावरा. बोटं त्यासाठीच आहेत. चाळणी ढोबळ आहे, हेही खरं: एसएसबीला ३ किलोहर्ट्झही लागत नाहीत आणि एएमचा सेट त्याच्या दुप्पट-अडीचपट जागा आत घेतो. म्हणजे एका वेळी शेजारचेही दोघे ऐकू येतात. लग्नाच्या मांडवात शंभर जण बोलत असताना आपल्याला हवा तो आवाज वेगळा काढणारा कान हॅमच्या या पट्ट्यावर अचानक अपंग होतो की काय? डायल आखूड आहे, ६ ते १८ मेगाहर्ट्झ हातभर दोरीत बसवलेत, कबूल. पण बारीक ट्यूनिंगचं काम बीएफओचाच नॉब करतो.

मुळात या तक्रारी करणाऱ्यांनी काम वाईट केलेलं ऐकलेलं असतं. नीट केलेलं असं असतं: भंगार सेटमधला एक आयएफटी घ्यायचा. त्याच्या डबीतच कॉइल आणि कपॅसिटर असतात, शिवाय मधला टॅप मिळतो. एक बीसी ५४७ आणि दोन-चार रेझिस्टर जोडले की ऑसिलेटर तयार. करंट एक मिलिअँपिअरच्या आसपास, सेटच्या बॅटरीला पत्ताही लागत नाही. जुन्या जर्मेनियम सेटमध्ये बहुधा प्लस अर्थ असतो, तेवढं बघून वायरी द्यायच्या. नॉबसाठी महागडा व्हेरिएबल कपॅसिटर नको. उलटा जोडलेला १एन ४००७ डायोड आणि एक पोटेन्शिओमीटर पुरतो. ऑसिलेटरची लहर आत न्यायला कपॅसिटरसुद्धा नको. प्लास्टिकच्या वायरचं टोक शेवटच्या आयएफटीपाशी नुसतं आणून ठेवायचं, कशालाही न टेकवता. फार जवळ नेलं तर सेटचं एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सावरणारं सर्किट, बीएफओलाच मोठं केंद्र समजून आवाज दाबतं. फार लांब ठेवलं तर एसएसबी फुटकं येतं. दोन्हींच्या मधली जागा सापडते, आणि ती शोधून काढणं यालाच कारागिरी म्हणतात. जोराचा सिग्नल फाटायला लागला तर एरियल दोन कांड्या आत ढकलायची.

मग विविध भारती लावून, प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने आयएफटीचा फेराइटचा गाभा हळूहळू फिरवायचा. लोखंडी अजिबात नको, त्याने ट्यूनिंगच हलते. गाण्यावर एक बारीक शिट्टी चढते, ती खाली खाली येते, घरघर होते, क्षणभर नाहीशी होते आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा वर जाते. त्या नाहीशा होण्याच्या एका अंगाला वरचा साइडबँड, दुसऱ्या अंगाला खालचा. सुपरहेट म्हणजे काय, हे पुस्तकातून न कळलेल्या मुलाला ती एक शिट्टी सगळं सांगून जाते. हे निकृष्ट तंत्रज्ञान?

शेवटचा मुद्दा मोबाइलचा. इंटरनेटवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसिव्हर २००८ पासून जगाला ऐकता येतो, उत्तम सोय आहे. पण त्यावर ऐकू येतं ते युरोपच्या एरियलवर पडलेलं. आपल्या गच्चीवर काय पडतंय ते त्यातून कसं कळणार? दिवसा ७ मेगाहर्ट्झवर शे-पाचशे किलोमीटरची माणसं येतात आणि सूर्य बुडाला की हजारो किलोमीटरची येऊ लागतात. आयनोस्फिअरच्या खालच्या थराचं हे रोजचं नाटक आपल्या आकाशात, आपल्या एरियलवरच बघायचं असतं. चिनी सेट चांगले आहेत, जरूर घ्या. पण घरात चालता सेट असताना, मूठभर भागांत जे काम होतं त्यासाठी नवं खोकं मागवणं आणि जुनं काचेमागे ठेवणं, याला वारसाप्रेम म्हणू नका. ती खरेदीची हौस आहे. शहरात चार्जर आणि एलईडीचा गोंगाट फार, अशीही एक कुरकुर असते. अहो, तो पोर्टेबल आहे! पिशवीत घाला आणि टेकडीवर जा. तो त्यासाठीच बनवला होता.

आणि मोबाइलवर एवढा भरवसा असेल तर आठवण करून देतो. १९९३ला किल्लारीचा भूकंप, २००१ला भूजचा, २००४ला अंदमानची त्सुनामी. तिथून पहिल्या काही दिवसांत निरोप पोहोचवणाऱ्यांत हॅम होते. पोर्ट ब्लेअरमध्ये तर त्यांचा एक चमू त्सुनामीच्या आधीपासून हजर होता. माझा जुना पोर्टेबल कोणाला वाचवेल, असा दावा मी करत नाही. त्याला बोलताच येत नाही. पण असे बोलणारे कुठून येतात? कधीतरी कोणीतरी एखाद्या जुन्या सेटवर त्यांचं बोलणं ऐकलेलं असतं म्हणून येतात. ऐकणारेच संपवले तर पुढच्या वेळी बोलणार कोण?

तेव्हा सोवळेकऱ्यांना स्पष्ट सांगतो. रेडिओचा अस्सलपणा त्याच्या लाकडात नाही, बिल्ल्यात नाही, कथलाच्या केसांनी मरणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये तर नाहीच नाही. हवेत जे आहे ते ऐकवणं, हा एकच त्याचा धर्म आहे. हवेतली भाषा बदलली असेल तर त्याला ती शिकवणं हे आपलं काम आहे, आणि एक आयएफटी, एक ट्रान्झिस्टर एवढ्या फीमध्ये तो शिकतो. शिकवायचं नसेल तर नका शिकवू, तुमचा सेट आहे. पण मग त्याला रेडिओ म्हणू नका, फर्निचर म्हणा. आणि ज्यांच्या सेटमधून अजून माणसं बोलतात, त्यांना अस्सलपणाचे धडे द्यायच्या भानगडीत पडू नका.